मदत हवी आहे: मेंढ्या एकदम माजावर आणायला स्पंज की इंजेक्शन?

नमस्कार मंडळी. कोकरं मागेपुढे न होता एकत्र मिळावीत, म्हणून सगळ्या मेंढ्या एकाच वेळी माजावर आणायच्या आहेत. प्रोस्टाग्लँडिनची (माज आणणारं हार्मोन) दोन इंजेक्शनं ९ ते ११ दिवसांच्या अंतराने देणं सोपं, पण माजाचं चक्र चालू असेल तरच ती लागू पडतात. आमच्या बऱ्याचशा सध्या नराला जवळही येऊ देत नाहीत! म्हणून डॉक्टर म्हणतात, प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचा स्पंज योनीमार्गात १२ ते १४ दिवस ठेवा आणि काढताना पीएमएसजीचं (स्त्रीबीजं पक्व करणारं हार्मोन) इंजेक्शन द्या. ते ३०० युनिट पुरतं की ५०० लागतं? जास्त झालं तर एका वेतात तीन-चार कोकरं होतील, ही धास्ती आहे. स्पंज ओढताना घाण वासाचा चिकट स्राव येतो म्हणे, तो कितपत मनावर घ्यायचा? आणि सगळ्या एकदम माजावर आल्यावर एका नरामागे किती मेंढ्या सोडता?