स्टिग्मा म्हणजे काळिमा? (शब्द हवा आहे, घाई आहे)

ओवी:
नमस्कार मंडळी. एका मासिकाच्या डिसेंबर अंकासाठी लेख अनुवाद करतेय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय लोकांमध्ये एचआयव्हीचं जे काम चालतं त्यावर आहे: चाचण्या, आधारगट, चर्च, सलून, सगळं. त्यात 'स्टिग्मा' ३१ वेळा येतो. मोजलाय. मी सगळीकडे 'कलंक' घातला. काल संपादकांकडून पानं लागून आली, तर शीर्षक "काळिमा पुसताना". म्हणाले, कलंक हिंदी मालिकेसारखं वाटतं, काळिमा अस्सल मराठी.
आता तुम्हीच सांगा. लेख कृष्णवर्णीयांवर आणि शीर्षकात काळिमा पुसायचा? फोनवर बोलले तर पलीकडे बराच वेळ शांतता, मग "अहो, तसं कोणी वाचणार नाही." मला तर आता दुसरं काही वाचताच येत नाही. तीन दिवस आहेत हातात.

तळटीप:
कलंकात तरी काय वेगळं? चंद्रावरचा डाग, तोही काळाच. 'लांछन' घ्या. लाञ्छ् म्हणजे खूण करणे, मुळात बरं-वाईट काही नाही. चंद्र शशलांछन, विष्णू श्रीवत्सलांछन. ग्रीक स्टिग्मासुद्धा टोचून किंवा डागून केलेली खूणच, गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावरची. दोन्ही शब्दांचा प्रवास सारखाच आहे. इतका चपखल प्रतिशब्द असताना 'स्टिग्मा' देवनागरीत लिहिणं हा निव्वळ आळस.

अरिहंत_कोल्हापूर:
आमच्याकडे लांछन म्हणजे तीर्थंकरांचं चिन्ह. ऋषभदेवांचा बैल, महावीरांचा सिंह. मूर्तीच्या पीठावर ते बघूनच कळतं कोणते भगवान. "लांछनमुक्त समाज" छापलंत तर आमची आजी विचारेल, मग ओळखायचं कसं?

चकली:
आजींना +१.

सांगलीकर:
मी नऊ वर्षं एका सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही चाचणी आणि सल्ला केंद्रात, समुपदेशक होतो. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून कलंक, लांछन, काळिमा यातला एकही शब्द कधी ऐकला नाही. "घरात कळलं तर", "गावात नाव होईल", "पोरीचं लग्न मोडेल" हे ऐकलं. एक बाई म्हणाल्या होत्या, "दादा, आजाराचं काय नाय, गोळी खाते रोजच्या रोज. पण सासूनं माझा तांब्या वेगळा ठेवलाय, त्यो रोज दिसतो." तुमचा स्टिग्मा तो तांब्या आहे. मराठीत याला नाम शोधत बसू नका, क्रियापद शोधा. वेगळं काढणं, वाळीत टाकणं, नावं ठेवणं. ३१ ठिकाणी एकच शब्द कशाला हवा?
दुसरं, 'एचआयव्हीबाधित' लिहिलं असेल तर काढा. बाधा म्हटलं की आमच्याकडे लोकांना अमावस्या आठवते. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातल्या 'अफेक्टेड'मध्ये ज्याला लागण झाली तोही येतो आणि ज्याच्या घरात ते आलं, म्हणजे नवरा, बायको, मुलं, तेही येतात. 'बाधित' म्हटल्यावर नक्की कोण ते कळत नाही. लोक स्वतःला 'पॉझिटिव्ह' म्हणतात. 'मी पॉझिटिव्ह आहे.' संपलं.

तळटीप:
म्हणजे मराठीचा प्रश्न इंग्रजीनेच सोडवायचा. छान.

सांगलीकर:
अहो, ज्याचा आजार त्याचा शब्द. १९८३ साली डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनीच एकत्र येऊन सांगितलं होतं, आम्हाला 'बळी' म्हणू नका. आपल्याकडचंच बघा. सांगलीतल्या बायकांनी १९९६ मध्ये स्वतःची संघटना काढली, व्हॅम्प. लांब नाव काय? वेश्या अन्याय मुक्ती परिषद. शहरातले लोक 'वारांगना', 'देहविक्रय करणाऱ्या महिला' असलं काहीबाही लिहीत होते, त्यांनी सरळ 'वेश्या' ठेवला. सभ्य शब्द कुणाच्या सोयीसाठी असतात ते तेव्हा कळलं.

निळी_शाई:
तांब्या वेगळा ठेवतात त्याला मराठीत शब्द आहे आणि तो इथे सगळ्यांना माहीत आहे. विटाळ. शिवाशिव. कोश उघडावा लागतो तो न सोसलेल्यांना.
आणि 'कृष्णवर्णीय' कोण बोलतं हो? १९७२ ला मुंबईत पोरांनी संघटना काढली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. कृष्णवर्णीय चित्ता नाही म्हणाले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले ब्लॅक विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अस्पृश्यांची आणि तिथल्या लोकांची स्थिती किती सारखी आहे त्याबद्दल. हे नातं जुनं आहे. ब्लॅक म्हणा. ते स्वतःला तेच म्हणतात.

तळटीप:
विटाळ शब्दाला माझा तांत्रिक आक्षेप आहे. विटाळ तात्पुरता असतो, स्नानाने जातो. स्टिग्मा चिकटतो. संकल्पना वेगळ्या आहेत.

निळी_शाई:
आमचा कोणत्या आंघोळीने गेला तेवढं सांगा.

अटलांटाकर:
उशिरा आलो, इथे रात्र होती. बावीस वर्षं जॉर्जियात आहे, फार्मसीत काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.
'ब्लॅक'ला माझाही पाठिंबा, पण गंमत अशी की इथे तो शब्द आता मोठ्या बी ने लिहितात. असोसिएटेड प्रेसने जून २०२० मध्ये तसा नियमच केला. रंग लिहायचा तर लहान बी, लोक लिहायचे तर मोठा. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, मग हा मान दाखवायचा कसा? मला उत्तर माहीत नाही.
स्टिग्माबद्दल. तो फक्त सासूच्या तांब्यात नसतो, सरकारी यादीतही असतो. एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत इथे 'फोर एच' म्हणत: समलिंगी, हेरॉइन घेणारे, हिमोफिलियाचे रुग्ण आणि चौथे कोण, तर हैतीयन! बाकीची तीन लक्षणं किंवा सवयी, चौथा अख्खा देश. १९८५ मध्ये सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, ते नाव काढलं, पण १९९० मध्ये हैतीयनांचं रक्तच घेऊ नका असं फर्मान निघालं. तेव्हा हजारो लोक ब्रुकलिन ब्रिजवरून चालत गेले. याला कलंक म्हणाल की किटाळ? कलंकात निदान काहीतरी घडलेलं असतं. किटाळ नसलेलं येतं.
आणि टस्कीगी. अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्यखात्याने अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. ते कुणी सांगितलं नाही, 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पेनिसिलिन हा ठरलेला इलाज झाल्यावरही दिलं नाही, कारण रोग कसा वाढतो ते बघायचं होतं. माझ्या काउंटरवर एक आजोबा येतात, कोणतीही नवी गोळी दिली की विचारतात, "हे आधी कुणाला दिलंय?" अनुवादात याला 'अविश्वास' लिहाल तर तो त्यांचा दोष वाटेल. 'धास्ती' लिहा. धास्तीला मागे काही घडलेलं लागतं.

चकली:
रक्त खराब! आमच्या कोकणात अजून म्हणतात. फोड आले, रक्त खराब. चिडचिड झाली, रक्त खराब.

तळटीप:
सिफिलिसला आपल्याकडे 'गरमी' म्हणत. भावप्रकाशात त्याला 'फिरंगरोग' म्हटलंय. आलेल्या परक्याच्या नावावर रोग टाकायची पद्धत जुनी आहे, आपलीही. हे अटलांटाकरांच्या हैतीशी जुळतं. (मान्य करतोय, नोंद घ्यावी.)

ओवी:
नोंद घेतली. 'किटाळ' फार आवडला. पण शीर्षकात? "किटाळ दूर करताना"? तरुण वाचकांना कीटकनाशक वाटेल.
अटलांटाकर, आकड्यांचं वाक्य बघाल का? मूळ लेखात आहे की २०२२ मध्ये नव्या निदानांपैकी सुमारे ३७ टक्के ब्लॅक लोकांची, लोकसंख्येत मात्र ते १२ टक्क्यांच्या आसपास. मी सरळ भाषांतर केलं तर ते वाक्यच बोट दाखवल्यासारखं वाटतंय.

अटलांटाकर:
वाटणारच, कारण कारण गाळलंय. मिसिसिपी, अलाबामा अशा राज्यांनी गरिबांचा सरकारी विमा वाढवायलाच नकार दिला. डॉक्टर लांब, चाचणी उशिरा. चाचणी उशिरा म्हणजे औषध उशिरा, आणि औषध नाही तोवर विषाणू पुढे जात राहतो. रोज एक गोळी घेऊन लागण टाळायची सोय, प्रेप, २०१२ पासून आहे. पण ज्यांना सगळ्यात गरज त्यांच्यापर्यंत ती सगळ्यात कमी पोचली. 'त्यांच्यात जास्त आहे' असं नका लिहू. 'त्यांच्यापर्यंत कमी पोचलं' असं लिहा.

पुणेरी_पाटी:
'समाज' की 'समुदाय'? 'ब्लॅक समाज' म्हटलं की मंगल कार्यालयाचा बोर्ड डोळ्यांसमोर येतो. 'अखिल ब्लॅक समाज, अटलांटा, वधूवर मेळावा.'

निळी_शाई:
हसू आलं. पण मूळ शब्द अनेकवचनी आहे ना? हैतीहून आलेले वेगळे, नायजेरियाचे वेगळे, तीन-चारशे वर्षं तिथलेच असलेले वेगळे. 'ब्लॅक लोकांत' म्हणा आणि मोकळे व्हा.

जिल्हा_नगर:
ओवीताई, तुम्ही दुसऱ्या धाग्यावर लेखाचा एक परिच्छेद टाकला होता तो वाचला. त्यात एका संस्थेचं नाव "गिलियडचा बाम" असं आहे. वाचून कपाळाला काहीतरी चोळावंसं वाटलं. हार्लेमच्या परनेसा सील यांनी १९८९ मध्ये चर्च आणि मशिदींना एकत्र करून एड्ससाठी प्रार्थनेचा आठवडा सुरू केला, त्यातून ती संस्था उभी राहिली. नाव आलंय यिर्मयाच्या पुस्तकातून. आपल्या मराठी बायबलात 'गिलाद' आणि 'मलम' आहे. आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं. तेव्हा 'गिलादचं मलम'. ज्या चर्चमध्ये आधी "हे पापाचं फळ" असं प्रवचन व्हायचं, तिथेच आता चाचणी होते असं तुम्ही लिहिलंय, त्याला ते नाव शोभतं. आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये पहिलं वाक्य मी ऐकलंय. दुसरं बघायचं राहिलंय.

सायली_म:
मला सगळ्यांचा राग येतोय. काळिमा, तोंड काळं, काळं फासणं, काळी जीभ, काळा पैसा. आपल्या भाषेत काळ्याला दुसरं कामच नाही का?

पुणेरी_पाटी:
आहे की. काळी आई. काळ्या दगडावरची रेघ. संक्रांतीची चंद्रकळा. आणि पंढरपूरला उभा कोण आहे?

सायली_म:
तो सावळा. बघा, देवाचा आला की 'सावळा', मुलीचा आला की 'सावळी पण तरतरीत'. माझ्या बायोडेटात मामाने 'गहूवर्णी' लिहिलं होतं. बघायला आलेल्या बाई म्हणाल्या, "गहू जरा जास्त भाजला का?"

चकली:
मग?

सायली_म:
मग काही नाही. चहा दिला. त्यांचा मुलगा आमच्या दारात चप्पल शोधत राहिला.

तळटीप:
विठ्ठलाला 'काळा' म्हणणारे अभंग मी देऊ शकतो. 'सावळा' हा नंतरचा लाजाळूपणा नाही, तोही तितकाच जुना.

(यापुढचे अकरा प्रतिसाद अभंगांवर आहेत. ज्यांना शब्द हवाय त्यांनी खाली जावं. ओवी)

ओवी:
माझे दोन प्रश्न राहिलेत हो. एक, बार्बरशॉप. दक्षिण कॅरोलिनात कोलंबिया गावी डायाना डायाना नावाच्या बाई होत्या, त्यांनी ८० च्या दशकात स्वतःच्या केस करायच्या दुकानातच एड्सची माहिती द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनी लाजू नये म्हणून कंडोम रंगीत कागदात गुंडाळून ठेवायच्या. 'न्हाव्याचं दुकान' मला नकोय, 'केशकर्तनालय' तर देवा.
दोन, 'यू इज इक्वल टू यू', म्हणजे 'अनडिटेक्टेबल इज इक्वल टू अनट्रान्समिटेबल'. औषधाने विषाणू इतका कमी झाला की चाचणीत सापडत नाही, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. याची मराठी घोषणा हवी.

पुणेरी_पाटी:
सलून. पार्लर. गावागावात पाटी तीच आहे.

तळटीप:
अदृश्य = असंक्रामक. अनुप्रासही साधतो.

सांगलीकर:
'अदृश्य' म्हणालात की लोक म्हणणार, म्हणजे आहे पण दिसत नाही, जास्तच घाबरा. मी सांगायचो, "सापडत नाही, तर पसरत नाही. पण गोळी सोडायची नाही." शेवटचं वाक्य घोषणेत बसत नाही, तरी ते टाका.

ओवी:
पाच दिवसांनी येतेय. अंक छापायला गेला. लेखाच्या पोटात 'वेगळं काढणं', 'किटाळ', 'धास्ती' आलेत, काही ठिकाणी 'कलंक' राहिला. घोषणा सांगलीकरांची, शेवटच्या वाक्यासकट. 'ब्लॅक' ठेवला, संपादकांनी दोन ठिकाणी 'कृष्णवर्णीय' केला. शीर्षकावरून भांडण झालं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मग स्टिग्माच ठेवा." ठेवला. वर त्यांच्या मुलाने शब्द मशिनात घालून बघितला तर मराठी आलं 'कुक्षी'.

विज्ञानाच्या_बाई:
मशीन बरोबर आहे! फुलाच्या स्त्रीकेसराचं टोक म्हणजे स्टिग्मा, पाठ्यपुस्तकात कुक्षीच आहे. कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय. आपण खातो ते केशरसुद्धा कुक्षीच, एका फुलात तीन.

तळटीप:
मग त्याला केशर का म्हणतात? केसर तर तंतू, पुंकेसरसुद्धा केसरच. नावात गोंधळ आहे.

चकली:
म्हणजे श्रीखंडात आपण स्टिग्मा घालतो?

विज्ञानाच्या_बाई:
हो. आधी कोमट दुधात भिजवून.