गाडीच्या रंगासाठी बफिंग मशीन: कोणते घ्यावे, आणि रंगाला इजा न होता कसे चालवावे?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

माझ्याकडे गडद लाल रंगाची जुनी हॅचबॅक आहे. आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी येते आणि रोज त्याच पाण्याने, एकाच फडक्याने गाडी पुसली जात असल्यामुळे बोनेटवर व टपावर पांढरट डाग बसले आहेत. शिवाय उन्हात गाडी उभी केली की गोल गोल बारीक ओरखड्यांचे जाळे स्पष्ट दिसते. हे काम घरीच करावे असा विचार आहे. एका हार्डवेअरच्या दुकानात अँगल ग्राइंडरला फोमचे पॅड लावले तरी चालेल असे सांगण्यात आले, ते योग्य आहे का? नसल्यास रोटरी घ्यावे की ड्युअल अ‍ॅक्शन, आणि रंग जळू नये म्हणून काय काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (सातपूर)

ग्राइंडरचा विचार कृपया सोडून द्यावा. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, तर रोटरी पॉलिशर साधारणपणे ६०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान चालतो. ओरखडा काही भरून येत नसतो. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून उतरवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. हा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर ४० ते ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घरात असतो आणि एकदा उतरलेला थर पुन्हा रंगकाम केल्याशिवाय परत येत नाही.

त्यामुळे पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने उष्णता एका जागी साठते आणि हात चुकला की गोल चट्टे उमटतात. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतेही, आणि जास्त दाब पडला तर फिरणे थांबते. पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसते ती चकती), १५ मिलिमीटर थ्रो (पॅडच्या डोलण्याचा पल्ला) आणि वेग कमीजास्त करण्याची सोय असलेले मशीन छोट्या गाडीला पुरेसे आहे. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. काम चालू असताना ती फिरताना दिसत नसेल, तर आपण नको तितके दाबत आहोत किंवा मशीन तिरके धरले आहे, हे लगेच कळते.

सुरुवात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने, बोनेटवरच्या दीड-दोन फुटांच्या चौकोनात करावी. तेवढ्याने ओरखडे गेले नाहीत तरच कडक पॅड किंवा कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारे पॉलिश, घ्यावे. पॉलिशचे चार-पाच थेंब पुरतात. मशीन रंगावर टेकवून मगच चालू करावे, आधी कमी वेगात पॉलिश पसरवावे, मग वेग वाढवून आडवे-उभे हात एकमेकांवर निम्मे चढवत सावकाश फिरवावेत. नखाला लागणारा ओरखडा मात्र बफिंगने घालवण्याच्या मागे लागू नये.

दरवाजांच्या कडा, बोनेटच्या उठावदार रेषा आणि रबर-प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडेवर रंग मुळातच पातळ असतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही. तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावेत.

प्रतिसाद (पंचवटी)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. बोअरवेलच्या डागांवर थेट मशीन चालवू नये. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, पत्रा थंड असताना डागांवर लावावे आणि मिनिटभरात भरपूर पाण्याने धुवून टाकावे. गाडी शॅम्पूने धुतल्यावर क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवल्याखेरीज पॅड टेकवू नये, कारण रंगात रुतलेला कण पॅडखाली आला तर नवे ओरखडे पडतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचे ऊन चाळिशीला टेकते, तेव्हा पॉलिश लावता लावताच वाळते. हिवाळ्यातली सकाळ आणि बंद पार्किंग उत्तम.

वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, पॅड बदलताना प्लग काढावा, ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये, आणि ओढणी, सैल बाही किंवा गळ्यातली साखळी मशीनजवळ येऊ देऊ नये. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क असावाच.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. डावीकडचा मागचा दरवाजा पूर्वी बाहेर रंगवून घेतला होता. तोही असाच करावा का?

प्रतिसाद (सातपूर)

तो दरवाजा शेवटी ठेवावा आणि आधी पेंट थिकनेस गेजने, म्हणजे रंगाची जाडी दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजून घ्यावा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा त्याच्या बराच वर गेला तर खाली पुटी किंवा जुना रंग आहे असे समजावे, मात्र त्यावरून वरचा क्लिअर कोट जाड आहे असे मानू नये. एका कोपऱ्यात हाताने थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्यावर लाल रंग उतरला, तर तिथे क्लिअर कोट नाही किंवा संपला आहे. अशा दरवाजावर मशीन न लावता हाताने नुसते वॅक्स करावे.