वजन नाही तरी घर्षण कसं?

वर विचारलंय की घर्षण जर भाराच्या प्रमाणात, तर चांदीच्या नॅनोतारांचा (केसाहून कितीतरी बारीक तारांचा) थर, ज्याला वजन म्हणावं असं नाहीच, काचेवरून सरकवताना अडतो का?

आमच्या सांगलीत हळदीचं पॉलिश बघितलंय का कुणी? फिरत्या ड्रममध्ये हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघते. ड्रम पालथा केला की हळकुंडं खडखडत खाली, पण आतल्या पत्र्यावरची पिवळी धूळ तशीच. हात फिरवला की बोटंच पिवळी होतात, धूळ काही सगळी सुटत नाही. कण दहापट लहान झाला की वजन हजारपट घटतं, चिकटण्याचा जोर मात्र साधारण दहापटच.

तारांचं तेच. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँचा १६९९ चा नियम, म्हणजे हेच ‘घर्षण भाराच्या प्रमाणात’, ढोबळ वस्तूंना ठीक. इथे व्हॅन डर वाल्स बलच, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधली क्षीण ओढच, तारेला खाली ओढतं, म्हणून वरून भार शून्य असला तरी घर्षण उरतं. शिवाय व्यास निम्मा केला की वाकण्याचा ताठरपणा सोळाव्या हिश्शावर येतो. बारीक तार पृष्ठभागाच्या उंचसखलपणावर निमूट लोळण घेते, स्पर्श वाढतो.

आता उलटी बाजू. नुसता वाळवलेला थर चिकटपट्टीने सहज उखडतो, कारण गोल तार काचेला जेमतेम एका रेषेत टेकते आणि एकीवर एक पडलेल्या तारांपैकी वरच्या तर अधांतरीच. दाबून घेतला किंवा वर पॉलिमरचा पातळ लेप दिला की टिकतो. त्यामुळे ‘चिकटतो की नाही’ याआधी थर कसा बसवलाय ते सांगा राव.