शासन निर्णय राज्यपालांच्या नावाने निघतो, मग तो निर्णय नेमका कोणाचा?

पाणंद (प्रश्नकर्ता):

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय उघडला, तर शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि तिच्याखाली स्वाक्षरी मात्र एखाद्या उप सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते. वर्तमानपत्रांत तोच निर्णय अमुक मंत्र्यांनी घेतला असे छापून येते आणि कधी मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्याचेही वाचायला मिळते. एका कागदाला इतके धनी कसे? राज्यपाल हे कागद प्रत्यक्षात पाहतात का? मंत्र्यांनी सभेत ‘रस्ता मंजूर केला’ असे सांगितले, म्हणजे तो मंजूर झाला असे समजावे का? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अनुच्छेदांचे क्रमांक मिळतात, परंतु त्यांतून कारभार कसा चालतो हे उमगत नाही.

कार्यासन_बारा:

बहुतांश शासन निर्णय राज्यपालांच्या दृष्टीसही पडत नाहीत, आणि त्यात घटनाबाह्य असे काहीच नाही. अनुच्छेद १५४ नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी असतो, परंतु अनुच्छेद १६३ नुसार, राज्यघटनेने त्यांच्या स्वेच्छाधिकारावर सोपवलेले विषय वगळता, त्यांनी तो मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो. शमशेर सिंग खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र अनुच्छेद १६६ मध्ये आहे, आणि परीक्षेच्या पुस्तकांत त्यालाच सर्वांत कमी जागा मिळते. राज्याची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी, ती नियमाने ठरवलेल्या अधिकाऱ्याने अधिप्रमाणित करावी (म्हणजे स्वाक्षरीने तिच्या खरेपणाची ग्वाही द्यावी) आणि कामकाजाच्या सोयीसाठी तसेच मंत्र्यांमध्ये त्याचे वाटप करण्यासाठी राज्यपालांनी नियम करावेत, असे हा अनुच्छेद सांगतो. हे नियम म्हणजेच शासन कार्यनियमावली. कोणता विषय कोणत्या विभागाचा, कोणती प्रकरणे मंत्र्यांच्या पातळीवर संपतात, कोणती मुख्यमंत्र्यांकडे जातात आणि कोणती मंत्रिमंडळासमोर ठेवावी लागतात, हे सारे तिच्यावरून ठरते. कक्ष अधिकाऱ्याला स्वाक्षरीचा अधिकारही या नियमांमुळेच मिळतो. त्याची स्वाक्षरी हा आदेश शासनाचाच असल्याची खूण असते, निर्णय त्याने घेतला असा तिचा अर्थ होत नाही.

प्रस्तावाची नस्ती, म्हणजे फाइल, साधारणपणे कार्यासनात (विभागातल्या सर्वांत खालच्या शाखेत) तयार होते, अवर सचिव आणि उप सचिवांच्या टिपण्या घेत सचिव, प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिवांपर्यंत चढते आणि तेथून मंत्र्यांकडे जाते. प्रस्तावात खर्च असेल तर वित्त विभागाला विचारावेच लागते. अनेक शासन निर्णयांच्या अखेरीस ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये’ असे वाक्य आढळते, ते त्यासाठीच. मंत्रालयात पुष्कळ नस्त्या अडतात त्या मंत्र्यांच्या दालनात नव्हे, तर या टप्प्यावर.

आता सभेतल्या घोषणेविषयी. बच्छित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९६२ सालचा निकाल येथे पाहण्यासारखा आहे. पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थान संघ) या तत्कालीन राज्याच्या महसूल मंत्र्यांनी बडतर्फ कर्मचाऱ्याच्या नस्तीवर त्याला अनुकूल असा शेरा लिहिला होता, परंतु त्यानुसार आदेश निघण्याआधीच पेप्सू पंजाबात विलीन झाले आणि पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. मंत्र्याने नस्तीवर लिहिलेला शेरा राज्यपालांच्या नावाने आदेशात उतरून संबंधितांना कळवला जाईपर्यंत तो शासनाचा आदेश ठरत नाही आणि तोवर तो बदलता येतो, असे न्यायालयाने म्हटले. लेखी शेऱ्याची ही गत असेल, तर भाषणातल्या वाक्याचे काय होईल ते सांगायला नको.

तळटीप (दुसरे उत्तरदाते):

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. ‘राज्यपालांच्या नावाने’ ही ओळ राहून गेली म्हणजे आदेश आपोआप रद्द होतो, असा समज वकिलांतही अधूनमधून आढळतो. पांगारकर विरुद्ध मुंबई राज्य या १९५२ सालच्या खटल्यात न्यायालयाने तसे मानले नाही. ओळ नसेल तर निर्णय सक्षम पातळीवर झाला होता हे शासनाला अन्य पुराव्याने दाखवावे लागते, एवढाच फरक पडतो.

राज्यपाल केवळ नावापुरते आहेत, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे, कोणालाच स्पष्ट बहुमत नसताना मुख्यमंत्री नेमणे आणि अनुच्छेद ३५६ खालचा, म्हणजे राष्ट्रपती राजवटीसंबंधीचा, अहवाल पाठवणे या प्रसंगी त्यांच्या स्वतःच्या निर्णयाला वजन येते. महाराष्ट्रात अनुच्छेद ३७१ (२) मुळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारीही राज्यपालांवर सोपवता येते. अनुशेषासंबंधीचे (मागास भागांत राहून गेलेल्या विकासासंबंधीचे) त्यांचे निर्देश त्यातूनच आले. माझ्या मते खरी अडचण या अधिकारांची नसून नेमणुकीची आहे. राज्यपालांना केंद्राच्या सल्ल्याने राष्ट्रपती नेमतात, आणि म्हणूनच केंद्रात व राज्यात वेगवेगळे पक्ष असले की हे मोजके अधिकार एकाएकी ठळक होतात. जर्मनी हेही संसदीय संघराज्यच आहे, परंतु तेथील घटक राज्यांवर केंद्राने नेमलेले असे पदच नाही.

पाणंद:

दोघांचेही आभार. मंत्रालयातला प्रवास समजला, परंतु जिल्ह्यात पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांचे नाते काय असते? आमच्याकडे पालकमंत्री हेच जिल्ह्याचे सरकार असल्यासारखे बोलले जाते.

कार्यासन_बारा:

राज्यघटनेत पालकमंत्री हे पद नाही, उपमुख्यमंत्री हेही नाही. उपमुख्यमंत्री घटनेच्या दृष्टीने एक मंत्रीच असतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ च मंत्री असू शकतात, आणि ३६ जिल्ह्यांची पालकमंत्रिपदे त्यांच्यातच वाटावी लागतात. त्यावरून होणारी रस्सीखेच आपण पाहतोच.

पालकमंत्र्यांचे कायदेशीर बळ प्रामुख्याने जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदात आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी तेथून मार्गी लागतो आणि जिल्हाधिकारी त्या समितीचे सदस्य सचिव असतात, म्हणून तेवढ्यापुरते दोघे एका टेबलाशी येतात. जमीन महसुलाच्या कामात मात्र जिल्हाधिकारी विभागीय आयुक्तांमार्फत महसूल विभागाला उत्तरदायी असतात. अर्धन्यायिक (न्यायनिवाड्यासारख्या) प्रकरणांत त्यांनी स्वतःच्या बुद्धीने निकाल द्यायचा असतो, तर निवडणुकीच्या कामात ते निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली असतात. भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याची बदली राज्य शासन करू शकते, परंतु त्याला बडतर्फ करू शकत नाही, कारण त्याची नेमणूक राष्ट्रपतींनी केलेली असते.

तुमच्या रस्त्यापुरते बोलायचे तर त्या कामाची प्रशासकीय मान्यता निघाली आहे का आणि तीत कोणते लेखाशीर्ष (खर्च कोणत्या तरतुदीतून होणार ते दाखवणारे शीर्ष) नमूद आहे, हे पाहावे. राज्य योजनेतून काम असेल तर मान्यतेचा शासन निर्णय संकेतस्थळावर शोधावा. जिल्हा योजनेतले असेल तर बहुधा शासन निर्णय सापडणार नाही, मान्यतेचा आदेश जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावा लागेल.