कोलोनोस्कोपी: तीन ठिकाणचे तीन आकडे, तुलना कशी करायची?

पारिजात

वडील ६१ वर्षांचे आहेत. शौचाच्या नमुन्यातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी फिट तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगितली आहे. रक्तदाबाची गोळी, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. जवळच्या तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी 'पॅकेज' म्हणून एकच आकडा सांगितला. दुसरीकडे फक्त डॉक्टरांची फी कळली. तिसरीकडे 'आत काय सापडतं त्यावर आहे' एवढंच उत्तर मिळालं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

हे आकडे एका पातळीवर आणायचे कसे? मोठं रुग्णालयच हवं की त्याच दिवशी घरी सोडणारं डेकेअर केंद्र चालेल? आणि स्वस्त ठिकाणी नेमकी कशात काटकसर होत असते?

हिशेबनीस

तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे दिले आहेत, त्यामुळे ते शेजारी मांडून काहीच कळणार नाही. प्रत्येक ठिकाणी दोन लेखी एस्टिमेट मागा. एक, आत काहीच सापडलं नाही तर. दुसरं, एक सेंटिमीटरपेक्षा लहान दोन पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठी) सापडले, त्याच वेळी काढले आणि पॅथॉलॉजीला पाठवले तर. फिट पॉझिटिव्ह असलेल्या माणसाच्या बाबतीत तुलना दुसऱ्या आकड्याची करायची. पहिला आकडा जाहिरातीचा असतो, बिल बहुधा दुसऱ्याच्या आसपास येतं.

एस्टिमेटमध्ये पुढच्या गोष्टी आहेत की नाहीत ते बघा: डॉक्टरांची फी, एंडोस्कोपी रूम आणि नंतर झोपवून ठेवण्याच्या खाटेचं भाडं, भूल, पोट साफ करण्याचं औषध, आधीच्या रक्ततपासण्या आणि ईसीजी, वापरून फेकायचं साहित्य, पॅथॉलॉजी, आणि रिपोर्ट दाखवायच्या भेटीची फी. पॅकेजमधून अनेकदा वगळलेल्या असतात त्या शेवटच्या तीन. 'साहित्य' या एका शब्दात बायोप्सीची चिमटी, पॉलिप कापायचा तारेचा फास, इंजेक्शनची सुई आणि रक्त थांबवायची क्लिप एवढं सगळं येतं. क्लिप महाग असते आणि एकाच जागी दोन-तीन लागू शकतात, म्हणून 'क्लिप लागली तर नगाला किती' हे वेगळं विचारा.

भुलेत मोठा फरक पडतो. मिडाझोलम आणि फेंटानिलसारखी गुंगीची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली नर्स देते, तिथे खर्च कमी. गाढ झोपवणारं प्रोपोफॉल वापरायचं तर बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ लागतो आणि त्याची फी स्वतंत्र असते. काही केंद्रं ती एस्टिमेटमध्ये दाखवतच नाहीत, कारण ती 'बाहेरच्या डॉक्टरांची' म्हणून थेट घेतली जाते.

पॅथॉलॉजीचं शुल्क बहुधा नमुन्याच्या डबीवर लावतात. तीन जागचे तीन पॉलिप म्हणजे तीन डब्या, म्हणजे तिप्पट शुल्क. इथे पैसे वाचवायला 'सगळं एकाच डबीत घाला' असं कृपा करून म्हणू नका. त्यातल्या एका तुकड्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या, तर तो आतड्याच्या कुठल्या भागातला होता हेच सांगता येत नाही, आणि पुढची शस्त्रक्रिया त्या जागेवरच ठरते.

विमा असेल तर डेकेअर प्रक्रिया म्हणून मंजुरी आधी घ्या. नोंद 'स्क्रीनिंग' म्हणून होणार की 'लक्षणं किंवा पॉझिटिव्ह चाचणीनंतरची तपासणी' म्हणून, हे कागदावर काय लिहिलंय ते बघा. काही पॉलिसींत पहिल्या प्रकाराला पैसे मिळतच नाहीत आणि काहींत नेमकं उलट असतं. फिटचा रिपोर्ट अर्जाला जोडा.

दुर्बीण

हिशेबनीस यांच्या यादीत एक प्रश्न माझा: पॉलिप दिसला तर त्याच बैठकीत काढता का? काही ठिकाणी फक्त बघतात आणि काढायला दुसरीकडे पाठवतात. म्हणजे जुलाबाचं औषध पुन्हा, भूल पुन्हा, फी पुन्हा. असं 'स्वस्त' केंद्र फिट पॉझिटिव्ह माणसाला सर्वांत महाग पडतं. लहान पॉलिप, म्हणजे १० मिलिमीटरच्या आतले, विजेशिवाय थंड फासाने काढणं हे रोजचं काम आहे, ते जमायलाच हवं. २० मिलिमीटरपेक्षा मोठा सपाट पॉलिप मात्र त्यात हातखंडा असलेल्याकडे पाठवणंच योग्य. त्याला केंद्राची कमतरता समजू नका.

आता ठिकाण कसं निवडायचं. इमारतीपेक्षा दुर्बीण कोणाच्या हातात आहे याने निकालात जास्त फरक पडतो, आणि तो फरक मोजता येतो. शेवटपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या सीकमपर्यंत, दुर्बीण पोचण्याचं प्रमाण किती? ९५ टक्के किंवा जास्त हवं. एडीआर (ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण) किती? म्हणजे ज्यांची तपासणी केली त्यांच्यापैकी कितीजणांत किमान एक ॲडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप, सापडला. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२४ मध्ये ४५ वर्षांवरच्यांसाठी ही किमान पातळी ३५ टक्के धरली, आणि फिट पॉझिटिव्ह आलेल्यांसाठी ५० टक्के. दुर्बीण बाहेर काढत आणताना बघायला दिलेला वेळ, काही काढायचं नसताना, सरासरी ८ मिनिटं तरी असावा. आधी ही मर्यादा ६ मिनिटं होती. बहुतेक पॉलिप या परतीच्या वाटेवरच सापडतात, त्यामुळे इथे घाई झाली तर बाकी सगळं नीट होऊनही उपयोग नाही.

एडीआर विचारला तर फोनवरच्या माणसाला माहीत नसेल, डॉक्टरांना मात्र माहीत असायला हवा. आकडा मिळाला नाही तर त्यांच्या रिपोर्टचा नाव झाकलेला नमुना मागा. अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली इलिओसीकल झडप यांचे फोटो आहेत का, पोट किती साफ होतं याचा बोस्टन स्कोअर लिहिलाय का, पॉलिपचा आकार मिलिमीटरमध्ये आहे का, तो कशाने काढला आणि तुकडा हाती लागला का, हे बघा. 'मोठे आतडे नॉर्मल' अशी दीड ओळ असलेल्या रिपोर्टवर पुढची तपासणी कधी करायची हे कोणालाच ठरवता येत नाही.

डेकेअर की रुग्णालय? प्रकृती स्थिर असेल तर चांगलं डेकेअर पुरतं. हृदयाचा जोर कमी असणं, डायलिसिस, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, खूप जास्त वजन, चालू रक्तस्राव किंवा आधीच माहीत असलेला मोठा पॉलिप यांपैकी काही असेल तर रुग्णालय घ्या. तुमच्या बाबतीत निर्णय क्लोपिडोग्रेलवर अडतो. ते कशासाठी चालू आहे? स्टेंट असेल तर तो कधी बसवला? पॉलिप काढायचा असेल तर सहसा ते ५ ते ७ दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिन चालू ठेवतात. पण ताज्या स्टेंटमध्ये ते थांबवणं जिवावर बेतू शकतं. हृदयविकारतज्ज्ञांकडून लेखी घ्या: थांबवायचं की नाही, कधी थांबवायचं, कधी सुरू करायचं. 'तपासणी आहे म्हणून गोळ्या बंद केल्या' असं घरच्या घरी अजिबात करू नका. उलट बाजूही आहे: कोणाशीच न बोलता गोळी चालू ठेवून गेलात, तर डॉक्टर पॉलिप बघून तसाच ठेवतील आणि दुसऱ्यांदा बोलावतील.

आणखी एक: फिट पुन्हा करून निगेटिव्ह आली म्हणून कोलोनोस्कोपी टाळायची नाही. पॉलिपमधून रक्त रोज येत नाही. दर ठरवण्यात एक-दोन आठवडे गेले तर हरकत नाही, सहा महिने जाऊ देऊ नका.

शुश्रूषा

स्वस्त ठिकाणी काटकसर कशात होते, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा धुलाईच्या खोलीत सापडतं.

दुर्बीण बाहेर आली की खाटेजवळच पुसायची आणि तिच्या नळ्यांतून द्रावण ओढायचं, मग गळती तपासायची, मग एन्झाइमच्या द्रावणात प्रत्येक नळी ब्रशने घासायची, मग जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवायची, स्वच्छ पाण्याने धुवायची, अल्कोहोल सोडून हवेने वाळवायची आणि उभी टांगायची. हाताने घासणं वगळलं तर पुढचं जंतुनाशक निकामी ठरतं, कारण चिकटलेल्या थराखाली ते पोचतच नाही. ओली दुर्बीण कपाटात ठेवली तर रातोरात जंतू वाढतात. हे सगळं नीट करायला तासभर धरा. आता हिशेब करा: केंद्रात दोन कोलोनोस्कोप असतील आणि एका तपासणीला अर्धा तास लागत असेल, तर एक दुर्बीण दीड तासाने पुन्हा वापरता येते. चार तासांत दोन्ही मिळून सहा तपासण्या होतात. त्याच सकाळी बारा-पंधरा लोकांना वेळ दिलेली असेल तर कुठली तरी पायरी गाळली जातेय. म्हणून विचारा: कोलोनोस्कोप किती आणि सकाळी तपासण्या किती? बायोप्सीची चिमटी एकदाच वापरायची आहे का, हेही विचारा.

खोलीत ऑक्सिजन, सक्शन, पल्स ऑक्सिमीटर आणि डिफिब्रिलेटर हवाच. प्रोपोफॉल देत असतील तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असलेलं बरं. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरत असतील तर नंतर पोटात कळा कमी येतात, कारण तो लवकर शोषला जातो.

पण पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते पोट साफ नसल्यामुळे. तपासणी अर्धवट राहिली तर बिल पूर्ण लागतं की काही सूट मिळते, हे आधीच विचारून ठेवा. औषध दोन भागांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं त्याच दिवशी पहाटे. दुसरा भाग तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचा. सगळं आदल्या रात्रीच पिऊन टाकलं तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून पिवळा चिकट थर खाली उतरतो आणि उजव्या बाजूच्या आतड्यावर बसतो. सपाट पॉलिप नेमके त्याच बाजूला जास्त लपतात.

पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पोट साफ करण्याचं औषध) द्रावण असेल तर दर १० ते १५ मिनिटांनी साधारण २५० मिलिलिटर. गार करून, नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला ओढून प्यायलं की चव कमी जाणवते. मळमळ झाली तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा, उरलेलं ओतून देऊ नका. बिया, साली, चोथा असलेलं खाणं दोन-तीन दिवस आधीपासून बंद. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, कारण त्यांचा काळा थर आतड्याला चिकटून राहतो. लाल-जांभळी पेयं नकोत, आत रक्तासारखी दिसतात. शेवटी लघवीसारखं पिवळं, आरपार दिसणारं पाणी यायला हवं. गढूळ येत असेल तर तपकिरी पाण्यावर निघू नका, आधी केंद्राला फोन करा. जुनी बद्धकोष्ठता असेल तर हे नोंदणीच्या वेळीच सांगा, औषध वाढवून देतात.

पारिजात

खूप मदत झाली. स्टेंट आहे, बसवून दोन वर्षं झाली. हृदयविकारतज्ज्ञांची भेट ठरवते. वेळ सकाळी ११ ची मिळतेय. दोन प्रश्न राहिले. एका केंद्राने पेगऐवजी कमी पाण्यात घ्यायचं सोडियम फॉस्फेट सांगितलं आहे, ते चालेल का? आणि नात्यातल्या एकांनी 'सीटी कोलोनोग्राफी (आतड्याचं सीटी स्कॅन) करा, त्यात दुर्बीणच नाही आणि खर्चही कमी' असं सुचवलंय.

शुश्रूषा

सोडियम फॉस्फेट नको. ६१ वय आणि रक्तदाबाची गोळी आहे. ती एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा लघवी वाढवणारी असेल तर फॉस्फेटमुळे मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते, आज क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक असलं तरी. पेगच मागा. कोणी मॅनिटॉल सुचवलं तर तेही नको: आतड्यातले जंतू त्यातून हायड्रोजन तयार करतात, आणि विजेच्या फासाने पॉलिप कापताना तो पेट घेऊ शकतो.

११ ची वेळ असेल तर पहाटे ६ ला दुसरा भाग सुरू करा आणि ८ पर्यंत संपवा. रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का हे भूलतज्ज्ञांना विचारा, गोळीगणिक उत्तर बदलतं.

दुर्बीण

सीटी कोलोनोग्राफीलाही पोट साफ करावं लागतं आणि आतडं वायूने फुगवावं लागतं. पॉलिप दिसला की काढायला कोलोनोस्कोपी आहेच. फिट पॉझिटिव्ह असताना तसं होण्याची शक्यता इतकी आहे की दोन्हींचा खर्च होईल. ती उपयोगी पडते दुर्बीण शेवटपर्यंत पोचली नाही तेव्हा, किंवा भूल देणं धोक्याचं असेल तेव्हा.

हिशेबनीस

घरी जाण्यापूर्वी रिपोर्ट, फोटो, डब्यांची संख्या लिहिलेली पॅथॉलॉजीची पावती आणि वापरलेल्या साहित्याचं सुटं बिल हातात घ्या. डब्यांची संख्या आणि रिपोर्टमधल्या पॉलिपांची संख्या जुळते का, ते खिडकीवरच बघा. नंतर दुरुस्ती करून घेणं कठीण जातं.

पॉलिप काढला तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत उशिराही होऊ शकतो, क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू झाल्यावर जास्त. त्या काळात लांबचा प्रवास ठेवू नका आणि रात्री उचलला जाणारा नंबर केंद्राकडून लिहून घ्या. पोट कडक होऊन वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा रक्ताच्या गुठळ्या असतील तर फोनवर वेळ न घालवता थेट आपत्कालीन विभाग. आणि त्या दिवशी सोबत एक मोठं माणूस हवंच. गुंगीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सहीही करायची नाही, म्हणून विम्याचे फॉर्म आदल्या दिवशीच भरून ठेवा.