मदत हवी: वर बार होतो, पण पॅराशूट बाहेर येत नाही

रानवारा: माझं मॉडेल रॉकेट आहे. एस्टेस कंपनीची सी६-५ मोटर, २५ मिमीची पुठ्ठ्याची नळी, ३० सेंमीचं प्लॅस्टिक पॅराशूट, वॅडिंगचे (गरम वायूपासून पॅराशूट वाचवणारे) ४ कागद. रॉकेट सरळ वर जातं, पॅराशूट बाहेर ढकलणारा बार ऐकू येतो, पण पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट नाकावर आदळतं. शनिवारी इथे ह्यूस्टनला लाँच आहे, लवकर सांगा. मोठी मोटर लावू का? डी१२?

निखारा: डी१२ नको. ती २४ मिमीची, तुमचं माउंट, म्हणजे मोटर बसते ती नळी, १८ मिमीचं. आणि इथे ताकद कमी पडत नाहीये. मोटरसकट वजन किती? नोज कोन, म्हणजे पुढचं टोक, किती घट्ट आहे? मोटर मागून कशाने अडवलीय?

पाणबुड्या: बंदुकीच्या दारूच्या मोटरी सोडा. २ लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. नोज कोन नुसता टेकवायचा, वर वेग संपला की आपोआप गळतो.

धूमकेतू: सी६-५ मधले ५ म्हणजे उडाल्यापासून ५ सेकंद. उशिरा फुटतंय, सी६-३ घ्या.

निखारा: उडाल्यापासून नव्हे, जळण संपल्यापासून. सी६ साधारण १.९ सेकंद जळते, ५ त्यानंतरचे. शिवाय उशिरा फुटलं तरी पॅराशूट बाहेर पडतंच. फार तर वेगामुळे नोज कोन बांधलेली दोरी नळी चिरते.

सह्यकडा: पॅराशूटच्या मधोमध ४ सेंमीचं भोक पाडा. वाऱ्याने लांब जात नाही, झोकेही कमी होतात.

रानवारा: आधी ते उघडू तर दे! वजन मोजलेलं नाही. नोज कोन नीट बसतो. मोटरला टेपचा एक फेरा देऊन दाबलीय, मोटर अडवायला हूक नाही, डिझाइन माझंच आहे. पडल्यावर मोटर नळीत नसते, आदळून मागे उडत असणार.

निखारा: मग सापडलं. नाकावर आदळताना मोटर पुढे रेटली जाते, मागे उडत नाही. ती वरच निसटतेय. इजेक्शनचा, म्हणजे त्या बाराचा, वायू दोन्हीकडे दाबतो. जे सैल ते आधी सुटतं, आणि मागचं तोंड उघडलं की पुढे ढकलायला दाबच उरत नाही.
मोटरवर मास्किंग टेपचे फेरे वाढवा, अंगठ्याने जोर लावल्याशिवाय आत जाता कामा नये. माउंटची नळी मागे ६ मिमी बाहेर असेल तर सांध्यावरूनही टेप फिरवा, अर्धी मोटरवर, अर्धी नळीवर. नॉझल, म्हणजे मोटरचं मागचं भोक, मोकळं ठेवा.
मग नोज कोन धरून रॉकेट लटकवा: पडू नये, पण हलक्या झटक्याने सुटावं. घट्ट असेल तर त्याचा नळीत जाणारा खांदा बारीक पॉलिश पेपरने घासा. शेवटी मोटर न घालता मागून फुंका. पॅराशूट आणि नोज कोन फुंकरीनेच बाहेर यायला हवेत. नाही आले तर घडी जाड झालीय. प्लॅस्टिकला टाल्कम पावडर लावा.

धूमकेतू: नोज कोन बांधलेलं रबर काढून केव्हलार (उष्णता सोसणारा धागा) दोरी लावा, सहज जळत नाही.

सह्यकडा: नुसती केव्हलार ताणत नाही, तीच नळी चिरते. केव्हलार नळीच्या तोंडाआधी संपवायची, पुढे इलॅस्टिक. एकूण लांबी रॉकेटच्या दुप्पट-तिप्पट.

रानवारा: फुंकून पाहिलं. नोज कोन सुटतो, पॅराशूट अडकतं. वॅडिंग कमी करू?

निखारा: नको, प्लॅस्टिक वितळेल. वॅडिंग चुरगळून सैल घाला, ठासू नका. दोऱ्या पॅराशूटभोवती घट्ट गुंडाळल्यात का?