फिटर आयटीआय आणि जर्मनी: करार झालाय म्हणजे सर्टिफिकेट तिकडे आपोआप चालतं का?

भोसरीची आई:
माझ्या मुलाने औंधच्या आयटीआयमधून फिटरची दोन वर्षं केली, मग भोसरी एमआयडीसीत वर्षभर ॲप्रेंटिस होता. आता तिथेच कंत्राटावर आहे. ओळखीतून एक एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, महाराष्ट्राचा आणि जर्मनीचा करार झालाय, आयटीआयचं सर्टिफिकेट तिकडे आपोआप चालतं, साडेतीन लाख भरा, सहा महिन्यांत पोरगा कामाला लागेल. यजमानांचा कल भरण्याकडे आहे. त्यासाठी माझ्या नावची एफडी मोडावी लागेल. खरंच आपोआप चालतं का? शेजारच्या वेल्डर मुलालाही तो हेच सांगतोय.

निवृत्त निदेशक, चिंचवड:
ताई, एफडी मोडू नका. हे आधी वाचा आणि यजमानांनाही वाचायला द्या.

करार झालेत, ते खोटं नाही. भारत आणि जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतराबाबतचा करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १०,००० जणांपासून सुरुवात करायची असं ठरलं. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं जाहीर केलं. पण यातल्या एकाही करारात ‘आयटीआय म्हणजे आमची आउसबिल्डुंग’ (तिकडचं कारखाना आणि शाळा मिळून दिलेलं व्यवसाय प्रशिक्षण) असं लिहिलेलं नाही. तुमच्या मुलाचा कागद तिकडे त्याच्या एकट्याच्या नावाने तपासला जातो.

तो तपासतात न्यूरेंबर्गमध्ये. आयएचके फोसा नावाचं कार्यालय आहे, उद्योग आणि व्यापारातल्या ट्रेडची परदेशी प्रमाणपत्रं बहुतेक तिथेच जातात. आपल्या फिटरची तुलना ते साधारण ‘इंडुस्ट्रीमेखानिकर’शी, म्हणजे तिकडच्या कारखान्यातल्या मशीन मेकॅनिकशी करतात. तो कोर्स साडेतीन वर्षांचा आहे. त्यात मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात असतो, उरलेले दिवस शाळेत, आणि परीक्षा घेतं उद्योगांचं चेंबर. आपली दोन वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्येच जातात. म्हणून निकाल बऱ्याचदा ‘अंशतः समकक्ष’ असा येतो, आणि काय कमी पडलं ते पत्रात लिहिलेलं असतं. शुल्क १०० ते ६०० युरो. अर्ज मुलगा स्वतः करू शकतो.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. ती उणीव कामाच्या अनुभवाने भरून निघू शकते, त्यांचा कायदाच तसं सांगतो. पण आपल्या कंपन्या अनुभवाचं पत्र कसं देतात? ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होता, वर्तणूक चांगली होती.’ संपलं! पोराने वर्षभर हायड्रॉलिक प्रेस उघडून सील बदलली, स्पिंडलचं अलाइनमेंट डायल गेज लावून केलं, न्यूमॅटिक लाइन जोडली, आणि कागदावर यातलं अक्षर नाही. न्यूरेंबर्गचा माणूस कागद पाहतो, पोराचे हात त्याला दिसत नाहीत. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये घाम गाळलेली किती मुलं या एका ओळीपायी अडतात, हे पाहून जीव तुटतो.

दोन सरकारं बोलायला बसतात तेव्हा व्हिसाचे आकडे ठरतात, भाषेचे वर्ग ठरतात. ते हवेतच. पण फिटरच्या अभ्यासक्रमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी ओळीला ओळ लावून तुलना एकदा दोन्ही सरकारांनी मिळून करावी, आणि त्यानुसार ॲप्रेंटिसशिपचं वर्ष आखावं. मग प्रत्येक आईला एजंटला विचारत बसावं लागणार नाही. पुण्यात हे अशक्य नाही. मर्सिडीजने २००२ साली इथल्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅट्रॉनिक्सचा कोर्स सुरू केलाच ना?

वेल्डर मुलाचं मात्र जास्त अवघड आहे. आपल्याकडे वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. ‘मान्यता-भागीदारी’ (तिकडे काम करता करता मान्यता मिळवायचा व्हिसा) असो की चान्सेनकार्टे (तिकडे जाऊन नोकरी शोधायचा व्हिसा), जर्मनीला किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण लागतं. त्याने पैसे तर मुळीच भरू नयेत.

स्टुटगार्टहून, मूळ चाकण:
सरांशी शंभर टक्के सहमत. मी इथे आउसबिल्डुंग करतोय, म्हणजे पहिल्यापासून शिकतोय, जुनं सर्टिफिकेट बाजूला ठेवून. हाही एक रस्ता आहे. जर्मन भाषा बी१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत लागली. २०२५ मध्ये सुरू केलेल्यांना पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो महिना मिळतो, त्यात भाडं आणि जेवण जेमतेम भागतं. त्रास भाषेचा. बेरुफ्सशूलेत, म्हणजे व्यवसाय शाळेत, शिक्षक ताशी शंभरच्या वेगाने बोलतात आणि कारखान्यात सगळे श्वाबिश बोलीत. एजंट सहा महिने म्हणतो, पण शून्यापासून बी१ला नोकरी सांभाळून वर्ष धरा. माझ्याकडून कुणी लाखांत पैसे घेतले नाहीत. भाषेचा क्लास, परीक्षा, व्हिसा आणि तिकीट, एवढाच खर्च झाला.

कोथरूडचा वकील:
एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला एमिग्रेशन ॲक्ट १९८३ खाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. साडेतीन लाखांची पावती देतो का, एवढं विचारा.

भोसरीची आई:
सगळ्यांचे आभार. यजमानांना वाचून दाखवलं, ते आता थांबायला तयार आहेत. सर, त्या अनुभवाच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं?

निवृत्त निदेशक, चिंचवड:
कंपनीच्या लेटरहेडवर, तारखांसकट. कोणत्या मशीनवर काम केलं, मेन्टेनन्स की असेंब्ली, किती महिने. कोणती मापन साधनं वापरली आणि किती टॉलरन्समध्ये, ‘०.०२ मिमी’ असं आकड्यात. ड्रॉइंग वाचून काम केलं का. हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, इलेक्ट्रिकल कंट्रोल यांपैकी जे खरंच केलंय तेवढंच. खाली सही सुपरवायझरची आणि एचआरची, दोघांची. एचआरवाले म्हणतील आमचा साचा ठरलेला आहे. तेव्हा सुपरवायझरकडून वेगळं कामाचं विवरण घ्यायला सांगा, तेही जोडता येतं. आयटीआयचं प्रात्यक्षिकाचं जर्नल टाकून दिलं नसेल तर सांभाळून ठेवा. मुलाला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवलंत तर मसुदा आम्ही दोघं बसून करू. जर्नल आणि ॲप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र सोबत आणू द्या.